‘नल’चे दोन अर्थ

सी भाषेच्या लायब्ररीतल्या ‘रीडडिर’ या फंक्शनचा मितभाषीपणा वाखाणण्याजोगा आहे. डिरेक्टरीतल्या नोंदी त्याच्याकडे एकेक करून मागायच्या. नोंदी संपल्या की ते ‘नल’, म्हणजे ‘काहीच नाही’, देते; वाचताना डिस्कने दगा दिला, तरी ‘नल’च देते. काम संपणे आणि काम बिघडणे यांत भेदभाव करणे त्याच्या समतावादी स्वभावात बसत नाही. कुणी विचारेल, मग बॅकअपच्या प्रोग्रामने अर्ध्यावरच थांबून ‘सर्व फाइली जतन झाल्या’ असे कळवायचे काय? शंका क्षुल्लक आहे. पॉझिक्स या मानकाने सोय करून ठेवली आहे: दर वेळी हाक मारण्याआधी ‘एर्नो’ या चुकीचा क्रमांक ठेवणाऱ्या चलात आपल्या हाताने शून्य लिहा आणि ‘नल’ येताच ते तपासा. शून्य तसेच असेल तर नोंदी संपल्या, नसेल तर घात झाला. हीच पद्धत पॅथॉलॉजी लॅबनेही उचलावी. कोरा रिपोर्ट म्हणजे रोग नाही किंवा यंत्र बंद. नेमके काय ते कळावे म्हणून रुग्णाने रक्त देण्याआधी लॅबच्या फळ्यावर शून्य काढावे. विसरल्यास दोष अर्थातच रुग्णाचा.

प्रोग्रामच्या अनेक थ्रेडनी एकाच वेळी हाक मारली तर काय, हा दुसरा आक्षेप. त्यासाठी ‘रीडडिर-आर’ हे सुरक्षित भावंड आणले गेले. नोंदीसाठी जागा आपण द्यायची. ती किती मोठी, हे ते विचारतसुद्धा नाही. एवढा विश्वास हल्ली सख्खे भाऊही ठेवत नाहीत! 2016 साली ग्लिबसी या सी लायब्ररीच्या 2.24 आवृत्तीने या सुरक्षित फंक्शनला कालबाह्य ठरवले, कारण ते सुरक्षितपणे वापरता येत नव्हते. सल्ला असा, की जुने ‘रीडडिर’च वापरा.

वापरा. फक्त शून्य लिहायला विसरू नका.