नवशिक्यांनी घ्यावयाची काळजी

'एल्डन रिंग' हा व्हिडिओ गेम घेतल्याचे चारचौघांत बोलू नये. नवशिक्याने घ्यावयाच्या काळजीत ही सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच कोणी सांगत नाही. बोललात की चारांतला एक तरी खुर्ची पुढे ओढतो. "काही वाचू नकोस, व्हिडिओ तर अजिबात बघू नकोस, सगळं स्वतः शोध, त्यातच मजा आहे," असे बजावतो आणि पुढचा पाऊण तास कोणत्या थडग्यामागे कोणती तलवार आहे ते सांगतो. आपण मान डोलावतो. घरी पोचेपर्यंत तलवारीचे नाव विसरलेले असते. थडग्यामागे काहीतरी होते एवढेच डोक्यात राहते. मग लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातले प्रत्येक थडगे मागून बघून येणे भाग पडते. तिथे थडगी पुष्कळ आहेत.

खेळाबद्दल माझी तक्रार नाही. याच जातीचा जुना 'डायब्लो' आधी आळीपाळीने चाल करायचा खेळ म्हणून आखला होता. तो तसाच राहता तर आमच्यासारख्यांना प्रत्येक वारापूर्वी चहाचा घोट घेता आला असता. पण बनवणाऱ्यांनी तो धावता केला, लोकांना आवडला, आणि या जातीच्या खेळांत विचार करायला वेळ मिळण्याची शक्यता तिथेच संपली. जे झाले ते झाले. तक्रार आहे ती सल्ल्याबद्दल.

सुरुवातीलाच दहा प्रकारच्या पात्रांतून एक निवडायचे असते. सामुराईला चांगली तलवार आणि धनुष्य मिळते, म्हणजे अंगावर येणाऱ्याला लांबूनही मारता येते. व्हॅगाबाँडला चिलखत आणि ढाल. नवख्याला एवढे सांगितले तरी पुरे. पण आमचे सल्लागार 'रेच' घ्यायला सांगतात. रेच म्हणजे लेव्हल १, सगळे गुण दहा-दहा, अंगावर जेमतेम फडके आणि हातात सोटा. "खरी मजा त्यातच," असे सांगणाऱ्याने स्वतः पहिल्या वेळी काय घेतले होते, हे विचारून पाहावे. तो विषय बदलतो. नंतर पात्राचा चेहरा घडवायचा असतो. नाकाची उंची, गालाचे हाड, दोन भुवयांमधले अंतर, सगळे हवे तसे. यात एक संध्याकाळ सहज जाते. त्यानंतर डोक्यावर लोखंडी टोप चढतो आणि ते नाक पुन्हा क्वचितच दिसते. हे कोणीच सांगत नाही.

खेळ सुरू होताच एक अनेक हातांचा राक्षस येऊन तुम्हाला मारतो. घाबरू नका, तिथे मरायचेच असते. कसाबसा जिंकलात तरी पुढे कडा कोसळून खाली पडता आणि गोष्ट तीच राहते. यानंतर खेळ कसा खेळावा हे शिकवणारी जागा लागते. ती एका खड्ड्यात आहे आणि तिथे जायला आपण होऊन उडी मारावी लागते. शेजारी खुर्चीत बसलेले एक भूत तसे सांगतेही. पण आत्ताच मरून उठलेला माणूस भुताच्या सांगण्यावरून खड्ड्यात उडी मारील, ही अपेक्षा कोणत्या संस्कारांतून आली कळत नाही. चांगल्या घरातली मुले सरळ दरवाज्याने बाहेर जातात आणि पुढे कित्येक तास वाकून कसे चालायचे हे न कळता हिंडतात.

दरवाज्याबाहेर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार फेऱ्या मारत असतो. ट्री सेंटिनल. इथे खरा घोटाळा होतो आणि त्याचे मूळ आपल्या शिक्षणात आहे. पहिला धडा झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, स्वाध्याय सोडून पुढे जायचे नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली. समोर आला आहे म्हणजे अभ्यासक्रमात आहे, असे समजून माणूस त्याच्याशी भिडतो, घोड्याच्या टापांखाली जातो, उठतो, पुन्हा भिडतो. त्याला वळसा घालून जायचे असते. लेव्हल वाढवून, हत्यार सुधारून, बुडाखाली घोडा आल्यावर, वाटले तर परत यायचे. नाही आलात तरी कोणी विचारत नाही. पळून जाणे हा या खेळातला सर्वांत उपयोगी डाव आहे. पण माझ्या ओळखीच्या एकाही वीराने तो मला सांगितला नाही. सगळे जण म्हणे त्याला तिथेच, तेव्हाच, मारून पुढे गेले होते.

मेल्यावर जमवलेले रून्स जिथे मेलो तिथे पडून राहतात. तेच पैसे आणि लेव्हल वाढवायची पुंजीही तीच. ते उचलायला जाताना वाटेत पुन्हा मेलात तर पहिले कायमचे गेले. म्हणून मोठा सामना दिसला की आधी असलेले रून्स खर्च करून टाकावेत. आयुष्यभर शिल्लक टाकत आलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

खर्च कुठे करायचा, याचे उत्तर एका शब्दाचे आहे: व्हिगर. म्हणजे जीव किती घाव सोसतो तो आकडा. नवखे लोक ताकद वाढवतात, मग एका फटक्यात मरतात आणि ताकद कमी पडली असे समजून अजून वाढवतात. व्हिगर चाळीसपर्यंत नेला की बरेच सुसह्य होते. त्यापुढे वाढ मंदावते, पण थांबत नाही. हा सल्ला सोळा आणे खरा आहे, आणि म्हणूनच तो सर्वांत शेवटी मिळतो. "म्हणजे तू अजून व्हिगर वाढवला नाहीस?" असा प्रश्न येतो, तेव्हा कळते की हे सगळ्यांना माहीत होते. तसेच हत्याराचे. सुरुवातीला लेव्हलपेक्षा हत्यार घडवून घेण्याने जास्त फरक पडतो. एलेच्या पडक्या चर्चमध्ये ऐरण आहे, दगड गोळा करून तिथे तीन पायऱ्यांपर्यंत काम होते. त्याच हत्यारांना अक्षरांच्या श्रेण्या असतात आणि त्यांत 'ए'च्या वर 'एस' असतो. ही गुणपत्रिका कोणत्या बोर्डाची, हे विचारायचे नाही.

आता रोल. घाव येताना लोळण घेतली तर क्षणभर काहीच लागत नाही. सगळी लढाई त्या क्षणावर चालते. अंगावरचे ओझे पेलण्याच्या मर्यादेच्या सत्तर टक्क्यांवर गेले की मात्र लोळण धान्याच्या पोत्याची होते. तेव्हा ओझे कमी करावे. आणि लोळण मागे घेऊ नये, शत्रूच्या अंगावरच, त्याच्या हाताखालून घ्यावी. हे पाच वाक्यांत संपले. पण माझ्या भाच्याने आठवडाभर मला एकच वाक्य ऐकवले: "मामा, तू रोल लवकर मारतोस." मग कधी मारू? "फील कर ना!" स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारातला मार्गिट हातातली काठी उचलतो आणि तशीच धरून थांबतो. आपण लोळतो, उठतो, तोवर तो थांबलेलाच असतो, मग मारतो. त्यालाही बहुधा फील होत असावे. काठी उचलताना न बघता ती खाली येताना बघावी, एवढे भाचा म्हणाला असता तर माझा आठवडा आणि त्याच्या आईचे कान, दोन्ही वाचले असते.

मार्गिट कठीण वाटला तर मदतीला आत्म्यांना बोलावता येते. त्यासाठीची घंटा खेळच देतो: घोडा मिळाल्यावर रात्री त्याच पडक्या चर्चमध्ये परत गेले की एक बाई हातात आणून ठेवते. लांडग्यांची टोळी आली की शत्रूचे लक्ष विभागते आणि आपल्याला औषधाचा घोट घेता येतो. सरळ व्यवस्था आहे. तरी कोणीतरी म्हणतोच, "घंटा वापरलीस? मग तू हरवलंस असं नाही म्हणता येणार." हाच गृहस्थ आठ तास चुकीच्या दिशेने फिरून शेवटी व्हिडिओ बघून वाट शोधतो.

खेळात जमिनीवर दुसऱ्या खेळाडूंनी लिहून ठेवलेले निरोपही दिसतात. 'पुढे खजिना आहे' असा निरोप बहुधा दरीच्या काठावर असतो. त्या उडीनंतर माणसाचा सल्ल्यावरचा विश्वास उडतो. खरे तर त्याला नवशिक्याच्या शिक्षणाचा पहिला टप्पा म्हणायला हरकत नाही.

"सुरुवातीला सोपं घ्यायचं ना," म्हणून कोणी 'पाथ ऑफ एक्झाइल' सुचवतात, कारण तो फुकट आहे. त्यात कौशल्यांचा एकच नकाशा आहे आणि त्यावर तेराशेहून अधिक ठिपके आहेत. सोपे म्हणजे काय यावर आमचे एकमत नाही, एवढेच नमूद करतो. त्या मानाने २०१५ चा 'विचर ३' घरगुती आहे. त्यात अवघडपणाची पातळी निवडता येते. हे चारचौघांत सांगायचे नाही, निवडायची मात्र सर्वांत सोपी. त्याचा नायक गेराल्ट, त्याची मुलगी हरवली आहे, भुतांची फौज तिच्या मागावर आहे आणि बाप पहिल्याच गावात एका म्हातारीचा हरवलेला तवा शोधून देतो, मग खानावळीत बसून पत्ते खेळतो. ती पोरगी थांबते. कितीही डाव खेळा, थांबते. नवशिक्याने या गोष्टीचा मनाला त्रास करून घेऊ नये. वाटेत दिसेल त्याचे काम करावे, नाहीतर मुख्य गोष्टीत लेव्हल कमी पडते.

राहिली शेवटची सूचना. 'सेकिरो' थांबवता येतो. त्याच लोकांच्या 'एल्डन रिंग'मध्ये नेहमीचे पॉज बटण नाही. मेनू उघडलात तरी मागून येणारा येतच राहतो. आईला, बायकोला, दारावरच्या कुरियरवाल्याला हे समजावून सांगता येत नाही, कारण "दोन मिनिटं थांबव की" यावर आपल्याकडे उत्तर नसते आणि तोवर काठी खाली आलेली असते. तेव्हा मार्गिटच्या दारात पाऊल टाकण्याआधी जेवून घ्यावे आणि कुकर लावला असेल तर गॅस बंद केल्याची खात्री करावी.