हजेरी लावा, मग शिकागोशी बोला

झूम कंपनीने २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच कर्मचाऱ्यांना फर्मान काढलं: ऑफिसपासून पन्नास मैलांच्या आत राहत असाल, तर आठवड्यातून दोन दिवस येऊन बसा. घरबसल्या सगळं होतं हे ज्यांनी अख्ख्या जगाला विकलं, त्यांनाच घरबसल्या काही होईना. बाकीच्या साहेबलोकांनी मग मागे का राहावं?

मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये अकरा देशांतल्या वीस हजार लोकांना विचारून पाहिलं. ८७ टक्के कर्मचारी म्हणाले, आमचं काम झकास चाललंय. ८५ टक्के वरिष्ठ म्हणाले, असं मिश्र पद्धतीने काम चाललं की लोक खरंच राबतायत याची खात्री पटणं कठीण. दोघंही एकाच ऑफिसबद्दल बोलत होते म्हणे. याच मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये कोण किती दिवस मेल वापरतो, किती दिवस चॅट करतो हे नावानिशी दाखवण्याची सोय आणली होती. ओरड झाली, तेव्हा नावं तेवढी काढली.

सरकारी कचेरीत पूर्वी खुर्चीच्या पाठीला कोट टांगून मंडळी चहाला जात. कोट दिसला की साहेब जागेवर. त्या कोटाचं काम आता मायक्रोसॉफ्टच्या टीम्सवरचा, माणूस हजर असल्याचं सांगणारा हिरवा ठिपका करतो. काही मिनिटं माऊस हलला नाही की ठिपका पिवळा पडतो. म्हणून माऊस आपोआप हलवणारी यंत्रं बाजारात आली. ज्यांना तेवढाही खर्च नको, ते काट्याच्या घड्याळावर माऊस ठेवून देतात आणि सेकंदकाटा दिवसभर इमानेइतबारे नोकरी करतो. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये डझनभराहून जास्त लोकांना कीबोर्ड चालू असल्याचं नाटक केलं म्हणून घरी पाठवलं. लबाडी ती लबाडीच, बँकेचं काही चुकलं नाही. पण हे लोक दिवसभरात करतात काय, हे त्यांच्या साहेबाला कीबोर्डकडून कळावं?

आता लिनस टॉरवाल्ड्सकडे बघा. ओरेगनमधल्या पोर्टलंडजवळ घरात बसून हा गृहस्थ लिनक्स ही संगणकप्रणाली सांभाळतो. लिनक्सचं काम १९९१ पासून चाललंय. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीत हजाराहून अधिक लोकांचा हात असतो. इंटेल, गूगल, रेड हॅट अशा बाजारात एकमेकींवर डोळे वटारणाऱ्या कंपन्यांची ही माणसं. यांचा पगार लिनस देत नाही, यांचं अप्रेझल करत नाही, यांना काढून टाकायचा अधिकारही त्याला नाही. त्याच्या हातात दोनच गोष्टी: ‘घेतो’ आणि ‘घेत नाही’. पहिले दोन आठवडे नवं काम स्वीकारायचं, त्यानंतर फक्त दुरुस्त्या. सगळा कोड तो स्वतः वाचत बसत नाही. एकेक भाग सांभाळणारे विश्वासाचे लोक आहेत, ते चाळून पुढे पाठवतात. भांडणं साध्या ईमेलवर, कुणालाही वाचता येतील अशी. कामाला हवं तसं साधन मिळेना, तेव्हा २००५ मध्ये बसून त्याने ‘गिट’ लिहिलं. आज पुण्याच्या हिंजवडीतला प्रत्येक फ्रेशर तेच वापरतो. माणूस संत नव्हे. ईमेलमधून इतकी वर्षं लोकांची सालटी काढली की २०१८ मध्ये जाहीर माफी मागून काही आठवडे बाजूला व्हावं लागलं. पण तुझा ठिपका पिवळा का होता, असं त्याने कुणाला विचारल्याचं ऐकिवात नाही.

त्याला विचारावं लागत नाही, कारण काय केलं, का केलं, कुणी तपासलं हे सगळं लेखी असतं. आपल्याकडे लिहायचं म्हटलं की हात दुखतो. दोन ओळींच्या प्रश्नाला उत्तर येतं, “क्विक कॉल करू या का?” क्विक कॉल पाऊण तास चालतो. ठरलेलं कुणी टिपून ठेवत नाही, म्हणून उद्या पुन्हा कॉल. प्रोजेक्टचं ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात असतं आणि त्याने राजीनामा टाकला की नव्वद दिवसांची नोटीस आणि घाईघाईची ‘केटी’, म्हणजे डोक्यातलं ज्ञान दुसऱ्याला देणं. मग साहेबाला माणूस डोळ्यांसमोर लागतो यात नवल ते काय? दुसरं काही बघायला ठेवलेलंच नाही.

खरी गंमत पुढेच. पुण्याचा आयटी धंदा मुळात न पाहिलेल्या माणसांच्या भरवशावर उभा आहे. शिकागोच्या क्लायंटने सिंहगड रोडवरच्या पोराला जन्मात पाहिलेलं नसतं. काम वेळेवर आलं, बिल दिलं, विषय संपला. पण हिंजवडीच्या मॅनेजरला तो पोरगा खुर्चीतच हवा. म्हणून त्याने वाकडच्या पुलावर दीड तास काढायचा, कार्ड पंच करायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि शिकागोशी बोलायचं. शेजारच्या टेबलावरची सहकारीही त्याच कॉलवर. दोघांचे माईक एकमेकांचा आवाज पकडतात, पलीकडे प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू जातं आणि शिकागोहून विनंती येते, कुणीतरी म्यूट करा. याला एकत्र येऊन काम करणं म्हणतात.

टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्क्यांहून जास्त माणसं ऑफिसात असण्याची गरज उरणार नाही. २०२३ मध्ये आठवड्याचे पाचही दिवस या, असं झालं. २०२४ मध्ये हजेरी साठ टक्क्यांच्या खाली गेली तर व्हेरिएबल पे शून्य. आता २०२५ ही उलटून गेलं. त्या पंचवीस टक्क्यांचं पुढे काय झालं, यावर कुठल्याही आयटी कंपनीत चार माणसांना समोरासमोर बसून बोलायचं असेल, तर मीटिंग रूम मिळणार नाही. प्रत्येक खोलीत दार लावून एकेक जण कॉलवर बसलेला असतो.