ताडीवाला रोडचा स्टॅन आणि आमच्या माईंचा नातू

अहो वहिनी, ऐकलंत का? या ना जरा अलीकडे, कुंपणापाशी... आणि हळू बोला, माईंची खिडकी उघडी आहे. त्यांचा नातू रॅप करायला लागलाय! हो, तोच तो, बारावीचा. ज्याला त्या आत्तापासूनच "आमचे इंजिनिअर" म्हणतात ना, तोच. परवा भर उन्हात जाड हुडी घालून गच्चीत उभा, आणि हे असे हातवारे. मला आधी वाटलं, मधमाश्या मागे लागल्या पोराच्या!

सगळं त्या रॅपर एमसी स्टॅनमुळे. नाही, त्याला दोष देत नाही हो मी, मला तर तो आवडतो. पण माईंसमोर बोलायची सोय नाही. बिग बॉसच्या फायनलची ती रात्र आठवतेय ना? तुम्ही तेव्हा लेकीकडे होतात वाटतं... मग तुमचं फार मोठं नुकसान झालं, खरंच सांगते.

12 फेब्रुवारी 2023, रविवार. अख्खी विंग माईंकडे जमलेली. माईंनी बासुंदी केली होती, कारण शिव ठाकरे जिंकणारच! आपला मुलगा, अमरावतीचा, मराठी बिग बॉस जिंकून आलेला, एकेकाळी पेपर टाकणारा, दूध विकणारा. मग काय, जिंकणार नाही तर काय! प्रियंका तिसरी येऊन बाहेर पडली तेव्हा माईंनी वाट्यासुद्धा मांडायला घेतल्या. आणि सलमानने हात वर केला तो स्टॅनचा. अहो, काय ती शांतता! माईंच्या हातातला डाव तसाच अधांतरी. आमच्या विंगमधल्या अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. जणू काचा पुसल्या की निकाल बदलणार होता! बरं, खुद्द शिवने त्याला मिठी मारली, दोघे त्या घरात एकाच 'मंडली'तले, म्हणजे एकाच गटातले. पण आमच्याकडे कोणी कोणाशी बोलेना. मी आपली बासुंदी खाल्ली. केलीच होती ना.

तर काय सांगत होते... हां, अण्णा. अण्णा तेव्हा म्हणाले, "हा कोण कुठला गळ्यात साखळदंड घालून फिरणारा!" आमचे चिरंजीव कोपऱ्यातून म्हणाले, "अण्णा, पुण्याचाच आहे. ताडीवाला रोडचा." स्टेशनच्या मागे हो, आपण तिकडून जाताना रिक्षाची काच... नाही, रिक्षाला कुठे काच असते, पर्स घट्ट धरतो ना आपण, तो भाग. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हेच अण्णा दूधवाल्याला सांगतायत, "अरे, पुण्याचं पोरगं जिंकलं! मी तर वर्षानुवर्षं त्याच रस्त्याने ऑफिसला जायचो." काय बोलणार, सांगा!

एकतीस लाख ऐंशी हजार मिळाले त्याला, वर गाडी. माईंचा राग तिथे नाहीच मुळी. त्यांचा राग बुटांवर. 80 हजारांचे बूट घालतो म्हणून बिग बॉसच्या घरभर सांगत होता ना तो? माई म्हणाल्या, "एवढ्यात माझ्या पाटल्या झाल्या असत्या." पण मी म्हणते, ज्याने लहानपणी काही बघितलं नाही तो मिळाल्यावर मिरवणारच. आपल्याकडेही नवी कार आली की आठवडाभर कव्हर घालत नाहीत लोक. नावं नाही घेत मी.

आणि खरं सांगू? त्या घरात सगळे कॅमेऱ्याकडे बघून रडत होते, आणि हा आपला ब्लँकेट घेऊन पडलेला. काय तर म्हणे, घरी जायचंय! किती वेळा तेच. सलमानने समजावलं तरी तोंड पाडून बसायचा. आणि बोलणं तर काय, निम्मं हिंदी, निम्मं मराठी, आणि मध्येच 'शेमडी'! नॅशनल टीव्हीवर हो! माईंनी कानांवर हात ठेवले. मला मात्र हसू आवरेना. पोराला नाटकच येत नाही. लोकांनी त्यालाच मत दिलं.

गाणी? ऐकली ना मी. चिरंजीवांनी ऐकवली. बारा वर्षांचा असताना कव्वाली गायचा म्हणे तो, म्हणजे ताल तिथूनच अंगात आला असणार. मग 'वाटा' आलं 2018 ला, मग त्या दुसऱ्या रॅपरशी, एमिवे बंटायशी भांडण, गाण्यातून एकमेकांची उणीदुणी. नळावरची भांडणं बरी, असं ते. पण 2019 चं 'अस्तगफिरुल्लाह'... वहिनी, ते ऐकताना मी भाजी निवडायची थांबले. लोक नावं ठेवत होते, किती घाण लिहितो म्हणून. तर या पोराने दुसऱ्याची उणीदुणी काढली नाहीत, स्वतःचीच काढली. घरची तंगी, स्वतःच्या चुका, सगळं मांडून ठेवलं. वीस वर्षांचं वय हो! या वयात आपली मुलं मार्कशीट लपवतात. पुढच्या वर्षी 'तडीपार' आल्बम, मग 'इन्सान'. बिग बॉसच्या आधीच पोरं वेडी झाली होती. आपल्यालाच पत्ता नव्हता.

सगळंच गोड नाही हां. काही गाण्यांत बायकांबद्दल जे बोलतो ना, तिथे मी स्पीकरच बंद केला. खरं बोलतो म्हणून काहीही बोलायचं का? इंदूरला तर जिंकल्यावर महिन्याभराने करणी सेनेची माणसं स्टेजवर चढली, कार्यक्रमच बंद पाडला. तेही मला नाही पटलं. नाही आवडत तर जाऊ नका ना ऐकायला, स्टेजवर कशाला चढायचं?

बघा, कुठून कुठे गेले मी. तर माईंचा नातू! रविवारी माईंकडे भिशी होती. माई मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, "म्हणून दाखव रे मावशींना." त्यांना वाटलं असणार देशभक्तीपर वगैरे. पोराने मोबाइलवर बीट लावलं आणि सुरू. पहिलंच कडवं आजीवर! आजी काजूच्या डब्याला कुलूप लावते. आजी पाहुण्यांना सांगते ब्याण्णव टक्के, मिळाले एकाहत्तर. आजोबा गच्चीत बिडी ओढतात आणि आजीला कळतं, पण आजी बोलत नाही, कारण आजोबांना कळतं की आजी ऑनलाइन साड्या मागवते!

माईंचा चेहरा... नको, तो सांगून कळायचा नाही. आजोबा "पाणी आणतो" म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. सेक्रेटरीबाई मात्र टाळ्या वाजवत होत्या. त्यांना कुठे माहीत, पार्किंगचं कडवं पुढे होतं ते!

पोराला मी जिन्यात गाठलं. म्हटलं, बाळा, असं का रे घरच्यांचं? तर म्हणतो, "काकू, स्टॅन त्याच्या बस्तीवर लिहितो. माझी बस्ती हीच आहे."

अहो, जाता कुठे? दूध उतू जाऊ दे. तिसरं कडवं अजून लिहितोय तो. रात्री कोण कोणाच्या दारात कचऱ्याची पिशवी सरकवतं, त्यावर... वहिनी, बसा जरा, घाम पुसा. नाव नाही घातलंय अजून.