साइडपट्टीच्या मालकांस खुले पत्र

प्रति,
श्रीमान उलट्या दिशेने येणारे दुचाकीस्वार महोदय,
राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३,
मु. फागणे ते तरसोद, जि. धुळे व जळगाव.

विषय : आपल्या ताब्यातील साइडपट्टी सायकलवाल्यांना परत मिळणेबाबत.

महोदय,



आपली भेट रोजच होते; पण आपण इतक्या वेगात असता की नमस्कार घालायलाही उसंत मिळत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच. सर्वप्रथम आपले मनापासून आभार.

आमच्या खेड्यांच्या वाट्याला सायकलींचा वेगळा मार्ग कधी आला नाही. जुना सहा नंबर, म्हणजे हाच महामार्ग, चौपदरी झाला, तेव्हा पांढऱ्या रेघेच्या डावीकडे पक्की साइडपट्टी मिळाली. नियमाप्रमाणे तिची रुंदी दीड ते अडीच मीटर. मुकटी, पारोळा, एरंडोल, मुसळी फाटा, पाळधी या पट्ट्यातल्या सायकलींना तेवढीच हक्काची जागा. ती ओस पडू नये, म्हणून आपण तिच्यावरून समोरून येऊ लागलात. केवढी ही आपुलकी!

आपल्या काटकसरीचेही कौतुक वाटते. फाट्यावरून बाहेर पडल्यावर दुभाजकातली फट गाठायची, वळायचे आणि परत यायचे, यात चार मिनिटे आणि थोडे पेट्रोल जाते. आपण ते वाचवता. त्या बचतीसाठी आपण कोणाचा जीव गहाण टाकता, एवढे मात्र सांगायचे राहून जाते. ते मी सांगतो.

आपण साठच्या वेगाने येता. समोरून सायकल पंधराने येते. म्हणजे दोघांमधले शंभर मीटर पाच सेकंदांच्या आत संपतात. आपण कड सोडत नाही, म्हणून सायकलवाल्याला उजवीकडे, मुख्य लेनमध्ये जावे लागते. तिथे मागून कापसाचा नाहीतर केळीचा ट्रक येत असतो आणि सायकलवाल्याला पाठीमागे डोळे नसतात. आपण नीट दिशेने मागून आला असता, तर तेच अंतर कापायला आठ सेकंद लागले असते. शिवाय पुढची सायकल पाहून आपल्याला वेग कमी करता आला असता. त्या पाच सेकंदांत निर्णय घेण्याचा मान आपण रोज आम्हाला देता, त्याबद्दल ऋणी आहे.

हा मान आपण कोणाकोणाला देता, तेही ऐका. आठवी ते बारावीत शिकणाऱ्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२पासून ही रक्कम पाच हजार रुपये आहे. एसटीची वाट पाहत मुलींचे शिक्षण थांबू नये, हा त्यामागचा विचार. सायकल सरकारने दिली. ती चालवायची कुठे, हे आपण ठरवता. समोरून आपण आणि मागून ट्रक, अशी वाट एकदा घरच्यांनी डोळ्यांनी पाहिली की सायकल ओसरीत उभी राहते आणि मुलगीही घरी राहते. महोदय, मुलीची शाळा बंद पडायला अपघातच व्हावा लागतो असे नाही. भीती पुरते.

आपल्या दिव्याचेही आभार. खान्देशात एप्रिल-मेचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यामुळे सायकल चालवायची ती उजाडायच्या आत किंवा दिवस मावळल्यावर. नेमक्या त्या वेळी आपण अप्परवर लाइट टाकून समोर प्रकट होता. क्षणभर रेघ दिसत नाही, खड्डा दिसत नाही, आपणही दिसत नाही.

आपल्या सहकाऱ्यांनाही माझा नमस्कार कळवावा. रिफ्लेक्टर न लावता साइडपट्टीवर रात्रभर उभ्या राहणाऱ्या ट्रॉलीच्या मालकांना, आणि मका वाळवून झाल्यावर मका तेवढा उचलून भोवतीचे दगड तिथेच ठेवणाऱ्या बंधूंना. शेतकऱ्याजवळ खळे उरले नाही, हे मी जाणतो. पण दगड उचलायला खळे लागत नाही.

आपल्या निर्भयतेला तर तोड नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये २०१९च्या दुरुस्तीने उलट्या दिशेने वाहन चालवणे हा धोकादायक वाहनचालनाचा प्रकार म्हणून स्पष्ट लिहिला गेला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आपण हे कलम रोज सकाळी मोडता आणि वर आम्हालाच हॉर्न देता.

नुसत्या कायद्याने जे होत नाही, ते लोकांनी मागून मिळते. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून जास्त मुले होती. तिथले आईबाप रस्त्यावर उतरले. आज जग ज्या सायकलमार्गांचे कौतुक करते, त्यांना त्या संतापातूनही बळ मिळाले. आपल्याकडेही जळगावकरांनी महामार्गालगत समांतर रस्ते हवेत म्हणून आंदोलने केली. आता गावागावांनी तेच मागण्याची वेळ आली आहे.

आणि आपण आमच्याकडून नेमके काय घेतलेत, हेही आपल्याला कळावे. डिसेंबरच्या सकाळी बांभोरीजवळ गिरणेचा पूल ओलांडताना अंगाला झोंबणारी थंडी, रस्त्यालगत केळीच्या बागा, पलीकडे उभी दादर ज्वारी, एरंडोलहून पद्मालयाकडे वळणारी वाट, दुपारी कुणाच्या मळ्यात भरीत-पुरी. ज्याच्याजवळ सायकल आहे, त्याला हे सगळे फुकट मिळायला हवे. बापाने लेकराला सोबत घेऊन निर्धास्त जावे, अशी ही वाट आहे. आज बाप लेकराला अंगणाबाहेर सायकल काढू देत नाही.

भाऊ, आपली अडचण मला मान्य आहे. काही फाट्यांवर वळायची जागा लांब आहे, सर्व्हिस रोड अर्धवट आहे. त्यासाठी महामार्ग प्राधिकरणाकडे अर्ज करा. गावाच्या ठरावावर तुमच्या खाली पहिली सही माझी. पण जोवर तो रस्ता होत नाही, तोवर वळसा तुम्ही घ्यायचा. गाडी तुमची, इंजिन तुमचे, घाई तुमची. तिची किंमत नववीतल्या मुलीने का मोजायची?

उद्या फाट्यावरून बाहेर पडलात की डावीकडे वळा. माझी एवढीच मागणी आहे आणि ती मान्य होईपर्यंत मी पत्रे लिहीत राहीन.

आपला,
साइडपट्टीवरचा एक सायकलवाला