काम करणारे आणि कामगार

जो काम करतो तो कामगार, अशी एक भाबडी समजूत कष्टकऱ्यांत आजही आढळते. ती दूर करण्यासाठी भारतीय कायदेपंडितांनी गेली पाऊणशे वर्षे अखंड परिश्रम घेतले असून, त्यांतून निघणारा निष्कर्ष असा, की कामगारपण हे केलेल्या कामावर नव्हे, तर काम करवून घेणाऱ्याच्या सोयीवर अवलंबून असते.

मालक आणि कामगार यांच्यातील तंटे सोडवण्यासाठी झालेल्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने शारीरिक, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी अशा कामांची यादीच दिली. गोव्यातील एका शाळेने काढून टाकलेल्या शिक्षिकेने आपले काम या यादीत बसते असा दावा केला, तेव्हा १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अध्यापन हे यांपैकी काहीच नसून ते उदात्त व्रत आहे. वास्तविक १९७८ साली, बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या गाजलेल्या खटल्यात, त्याच न्यायालयाने शिक्षणसंस्थांना उद्योग ठरवले होते. दोन्ही निकाल एकत्र वाचले, तर शाळा हा असा उद्योग ठरतो, ज्यात घंटा वाजवणारा शिपाई कामगार असतो आणि घंटा झाल्यावर वर्गात शिरणारी बाई व्रतस्थ असते. व्रतस्थ व्यक्तीला कामावरून काढता येते. फक्त तिला कामगार न्यायालयाची पायरी चढता येत नाही.

पर्यवेक्षकाचे, म्हणजे इतरांच्या कामावर देखरेख करणाऱ्याचे, प्रकरण आणखी सूक्ष्म आहे. त्याचे वेतन दरमहा दहा हजारांच्या वर गेले की तो कामगार राहत नाही, असे औद्योगिक विवाद कायद्याच्या २०१०च्या दुरुस्तीने ठरवले. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने ही रेषा अठरा हजारांवर नेली. अशा माणसाला पगारवाढ आणि कामगारवर्गातून हकालपट्टी एकाच लिफाफ्यात मिळते. शिकाऊ उमेदवार तर १९६१च्या कायद्यानुसार प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे; बोट कापणाऱ्या यंत्राला हा भेद अद्याप कळलेला नाही.

व्याख्याशास्त्राची खरी श्रीमंती मात्र आरोग्य खात्यात दिसते. २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातील आशा सेविका गरोदर बायांना रात्री-अपरात्री दवाखान्यात पोहोचवतात, लसीकरणाच्या याद्या ठेवतात, महासाथीत घरोघर फिरून ताप मोजतात. तरीही त्या स्वयंसेविका, म्हणजे स्वखुशीने सेवा करणाऱ्या, असल्यामुळे त्यांना वेतन नसते, मानधन आणि कामागणिक मोबदला असतो. त्यांना कामगार मानावे अशी शिफारस २०१३च्या भारतीय श्रम परिषदेने केली होती. तिचे पुढे काय झाले, हे मुंबईच्या आझाद मैदानात ठिय्या देणाऱ्या आशांना विचारावे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना आरोग्यक्षेत्रातील नेतृत्वाचा पुरस्कार दिला. अशा रीतीने त्या नेत्या झाल्या. कामगार व्हायचे तेवढे राहून गेले.

घरपोच जेवण आणून देणाऱ्या तरुणाला याहून मोठी बढती मिळून तो थेट ‘पार्टनर’, म्हणजे भागीदार, झाला आहे. भागीदारीत वाटणी करावी लागते, आणि ती येथे झालेलीही आहे : पेट्रोल, पंक्चर आणि पाऊस त्याच्या वाट्याला आले आहेत. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्याला पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचा कामगार म्हटले, त्यामुळे मालक नसलेला कामगार हा वर्ग अस्तित्वात आला.

उरला राजकीय पक्षाचा कार्यकर्ता. हा सतरंज्या उचलतो, घोषणा देतो आणि उमेदवारी आयत्या वेळी आलेल्या पाहुण्याला मिळाली की त्याच्याही प्रचारपत्रिका वाटतो. मोबदल्यादाखल त्याला ‘निष्ठावंत’ हे विशेषण लाभते. अलीकडे सतरंज्यांचे काम मंडपवाल्याच्या माणसांकडे गेल्याने निष्ठा मोजायची कशावर, ही पक्षांपुढे अडचण आहे. मंडपवाल्याची ती माणसे कंत्राटी कामगार म्हणता आली असती. पण १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यातील वीस माणसांची अट २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने पन्नासवर नेली आहे, आणि मंडपवाल्याकडे पन्नास माणसे असतातच कुठे?