दिवेलागणीचा भोंगा

तोक्योतल्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढत होते आणि पाचच्या ठोक्याला आकाश गाऊ लागलं. जवळपास देऊळ नाही, मशीद नाही, कुणाची वरात नाही, नुसतंच आकाश. सूर अगदी कोवळा आणि आवाज मात्र अगडबंब. हत्तीनं सोंडेत बाळाचा खुळखुळा धरून जपून जपून वाजवावा, तसं काहीसं. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. खालून सायकलवर एक बाई चालली होती, मागच्या सीटवर हेल्मेट घातलेलं पोर आणि पुढच्या बास्केटातून डोकावणारी हातभर लांब कांद्याची पात. तिनं मान वर केली नाही. समोरच्या कुत्र्यानंही नाही. कपड्यांचा चिमटा दातांत धरून मी एकटीच वर बघत राहिले.

यथावकाश कळलं की हे पालिकेचं काम. बागेच्या कोपऱ्यात एक उंच खांब आहे, त्यावर चहू दिशांना तोंडं केलेले कर्णे. भूकंप, पूर, असलं काही ओढवलं तर वर्दी द्यायला ते बसवलेले, आणि ऐन वेळी मुके निघू नयेत म्हणून रोज एकदा वाजवून बघायचे. आमच्या गावाकडचा मांडववाला असता तर ‘हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री’ म्हणून, दोनदा फुंकर मारून मोकळा झाला असता. इथल्या पालिकेनं मात्र विचार केला असावा, की रोज वाजवायचंच आहे तर त्यात पोरांना घरी तरी बोलावून घ्यावं.

गाण्याचं नाव ‘युयाके कोयाके’. शब्द नाकामुरा उको यांचे, चाल कुसाकावा शिन यांची. संध्याकाळ, डोंगरातल्या देवळाची घंटा, घरी परतणारी पोरं आणि कावळे, एवढाच त्याचा ऐवज. १९२३ च्या उन्हाळ्यात ते छापून आलं आणि १ सप्टेंबरला तोक्यो आणि योकोहामा बेचिराख करणारा भूकंप झाला. बहुतेक प्रती त्या आगीत गेल्या. ज्या थोड्या आधीच कुणाकुणाच्या हाती पडल्या होत्या, त्यांच्यावर गाणं तगलं. म्हणजे बघा, भूकंपातून पदर भाजून निसटलेल्या या गाण्यालाच पुढच्या भूकंपाचे कर्णे तपासायच्या नोकरीवर ठेवलंय, आणि ते बिचारं शंभर वर्षांचं होऊनही सुट्टी न घेता पोरांना हाका मारतंय. काही गावांत त्याच्याऐवजी द्वोर्झाकच्या सिंफनीतली एक संथ चाल लावतात. १८९३ साली अमेरिकेत राहणाऱ्या एका चेक माणसानं रचलेली. स्वतः घरापासून इतक्या लांब बसलेल्या माणसाच्या सुरांवर जपानी पोरं फुटबॉल काखोटीला मारून घराकडे पळतात.

मोठी माणसं पळत नाहीत. पाच वाजता सगळ्या शहराला ‘घरी या’ म्हणून सांगितलं जातं आणि घरी येतात फक्त कावळे. तेही खरं तर दिवसभर इथेच असतात, कचऱ्याच्या पिशव्यांवर अंथरलेल्या जाळीचं एखादं टोक सुटलंय का, ते तपासत. इथला कावळा आपल्याकडच्यापेक्षा थोराड. पिंडाला शिवायला त्याला कुणी बोलावत नाही, म्हणून की काय, तो आमंत्रणाची वाटच बघत नाही.

घरातून निघताना इथे ‘इत्ते किमासु’ म्हणतात. अर्थ विचारला तेव्हा हसूच आलं: ‘जाऊन येते.’ इतक्या समुद्रांपलीकडे कुणीतरी आपल्या आईसारखंच ‘जाते’ म्हणायला घाबरतं, याचा फार आधार वाटला.

आई वाईला असते. आमच्यात साडेतीन तासांचं अंतर. सुट्टीच्या दिवशी आम्ही बोलत असतो आणि मध्येच हे गाणं फोनमध्ये शिरतं. तिच्याकडे दुपारचा दीड, जेवणाचं ताट अजून मोरीत. पण ती लगेच म्हणते, “झाली वाटतं तुमच्याकडे दिवेलागण. ठेव मग, दिवा लाव.” हिवाळ्यात आमच्याकडे ते साडेचारलाच वाजतं, तेव्हा तिची पानं वाढायची असतात. तरी वाक्य तेच.

मागच्या थंडीत एकदा गाणं संपल्यावर काही वेळानं कर्णे पुन्हा बोलू लागले. एक शब्द, मग लांब थांबा, मग दुसरा. लांबच्या कर्ण्यांचे प्रतिध्वनी एकमेकांत गुंतू नयेत म्हणून ही माणसं सावकाश बोलतात. ऐंशीच्या पुढच्या एक बाई घरातून निघून गेल्या आहेत. राखाडी स्वेटर. पायांत घरातल्या सपाता. दिसल्यास कळवावं. खालच्या मजल्यावरच्या आजी दारात येऊन उभ्या होत्या. त्या बाई त्यांच्या ओळखीच्या. गाणं वाजलं की त्या उठतात, म्हणाल्या, आणि स्वतःच्या घरात उभ्या राहून ‘घरी जाते’ म्हणतात. तासाभरानं कर्ण्यांनी तितक्याच सावकाश सांगितलं, की त्या सुखरूप सापडल्या, आभारी आहोत.

पुढच्या रविवारी हे आईला सांगितलं. ती जरा वेळ बोललीच नाही. मागे कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“माहेरी निघाल्या असतील गं,” ती म्हणाली. “तिन्हीसांजेला होतं तसं. पण सपाता घालून? एवढ्या थंडीत?”

“हो.”

“सापडल्या ना पण?”

“सापडल्या.”

तेवढ्यात बागेतल्या खांबानं घसा साफ केल्यासारखी खरखर केली.

“ठेव मग,” आई म्हणाली. “दिवा लाव.”