वाघ, डुक्कर आणि शालू

वारंगा फाट्यावर माणूस दोनच कारणांनी उतरतो. एक, गाडी बदलायला. दोन, खिचडी खायला. नांदेड, हिंगोली आणि हदगाव-उमरखेड अशा तिन्ही वाटा इथं भेटतात आणि तिन्ही वाटांवरची भूक एकाच कढईसमोर उभी राहते. मी मात्र हुरड्याच्या दिवसांत मित्राच्या मामांकडे मुक्कामाला आलो होतो, आणि पहिल्या घासाआधीच विचारलं, "मामा, इकडे वाघ येतो ना?"

माझी भीती अभ्यासपूर्ण होती. 2019 साली टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घालून निघाला. तेलंगणात डोकावला, नांदेड, हिंगोली करत पाच-सहा महिन्यांत तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. जागा हवी, जोडीदारीण हवी म्हणून केलेली ही पायपीट. आमच्या पोरांना लग्नासाठी पुण्यात फ्लॅट लागतो, त्यातलाच प्रकार.

मामांनी भज्यावर मिरची ठेवली. "तो पाहुणा व्हता. आला, गेला. डुकरांचं म्हणशील, तर त्यांचं नाव फक्त सातबाऱ्यावर चढायचं राह्यलंय."

रात्री थ्री फेजची लाईट आली. शेतीच्या मोटारीला वीज द्यायची वेळ ठरवणारा माणूस बहुतेक घुबडांच्या घराण्यातला असावा. मामा हरभऱ्याला पाणी द्यायला निघाले, मागे मी. त्यांच्या हातात काठी, पायात गमबूट. माझ्या हातात मोबाइल, पायात सँडल.

"वर काय बघायलास? वाघ दिसला तर दिसंल. खाली बघ, घोणस दिसली पाहिजे."

घोणस कुकरसारखी फुसफुसते, म्हणजे निदान दाराची कडी वाजवते. मण्यार तेवढंही सौजन्य दाखवत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच लस चालते, ती सरकारी दवाखान्यात मिळते, मांत्रिकाकडे नाही, ही माहिती मामा काठी आपटत देत होते आणि मी त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवत होतो. वडीलधाऱ्यांच्या पावलावर पाऊल इतक्या तंतोतंत मी आयुष्यात ठेवलं नव्हतं.

तेवढ्यात बांधावर बायकांची रांग दिसली. हिरव्या, जांभळ्या, जरीच्या. वाऱ्यावर पदर, आणि एकीलाही डोकं नाही. माझ्या घशातून घोणशीसारखा आवाज निघाला.

"साड्या हायेत," मामा म्हणाले. डुकरं बुजावीत म्हणून हे कुंपण. पहिली दोन वर्षं बुजली. आता खालून वाकून, पदर सावरून आत शिरतात.

"तुमच्याकडं बरं, काई भ्याव नसंल. कुठं राहता?"

"बोरिवलीला. नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून."

त्या पार्कात चाळिसाहून अधिक बिबटे आहेत आणि कधीमधी एखादा आमच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यात दिसतो, हे ऐकताच मामांच्या हातची काठी थांबली. "अन् लेकरं खाली खेळतेत?"

"बिबट्या काही करत नाही हो. तो त्याच्या वाटेनं जातो. पोरांना अंधारात एकटं सोडायचं नाही, कचरा साचू द्यायचा नाही, बस्स. त्या कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो."

मामा माझ्याकडे सर्पमित्राकडे बघावं तसे बघत राहिले. परतताना मला पुढे चालायला लावलं. हा मान होता की प्रयोग, कळलं नाही.

सकाळी मामी डबा घेऊन शेतात आल्या. हसत हसत बांध ओलांडला, आणि तिसऱ्या खांबापाशी थबकल्या. तिथं त्यांचा लग्नातला शालू फडफडत होता. मामांनी जुन्या साड्यांचं गाठोडं आणताना शेजारचंही उचललं होतं. शालूच्या मधोमध डुक्कर जाईल एवढं भोक होतं.

मामी एक अक्षर बोलल्या नाहीत. मामांनी एकदा काठीकडे, एकदा गमबुटांकडे पाहिलं. दोन्ही निरुपयोगी होते.

त्या रात्री लाईट नव्हती, पाण्याची पाळी नव्हती. तरीही मामा घोंगडी घेऊन मचाणावर झोपायला गेले. डुकरांचा त्रास फार वाढलाय, असं म्हणाले.